कोरड्या लंगोटाची मोहीम

हकीकत लिहिण्यास कारण ऐसे जे, थोरामोठ्यांच्या लढायांच्या कैफियती बहुतांनी लिहिल्या, परंतु एका तान्ह्या बाळाचा लंगोट सकाळपासून कोरडा राहिला आणि त्याकारणे एक अवघे घर कैसे हैराण जाहले, कैसे लढले, हे कोणी लिहोन ठेविले नाही. सबब हे लिहिले. यात पदरचे काही घातले नाही. काही जिन्यावर ऐकिले, काही खिडकीतून पाहिले, आणि राहिले ते आजीसाहेबांनी वेळोवेळी निरनिराळ्या प्रकारे सांगितले, त्यांतील सर्वांत कमी रडण्याचे ते खरे धरिले.

ऐसियास, त्या साली उन्हाळ्याने मोठी धामधूम मांडिली. सूर्य उगवे तो डोळे वटारोनच उगवे. डांबर मऊ होऊन त्यात चपला रुतत, कुत्री उभ्या मोटारींखाली अंग टाकीत, आणि दुकानदार अर्धे शटर ओढोन आत अंधारात कोणी गिऱ्हाईक न यावे अशी इच्छा करीत बसत. त्या समयी एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक तरुण घराणे नांदत होते. डोईवर स्लॅब आणि स्लॅबवर थेट ऊन, मध्ये रदबदली करणारा कोणी नाही. दिवसभर स्लॅब ऊन प्राशन करी आणि संध्याकाळी ते सव्याज परत देई, ऐसा तेथील रिवाज.

घराण्यातील मंडळी येणेप्रमाणे. खासा आईसाहेब, ह्या बसस्थानकावर माईकवरून गाड्यांची घोषणा करीत. आवाज ऐसा की, 'इकडे लक्ष द्या' म्हणताच चालते प्रवासी जागी थबकत, आणि ज्यांस त्या गाडीने जायचेच नाही तेही बॅगा उचलीत. प्रस्तुत त्या बाळंतपणाच्या रजेवर असोन तोच आवाज घरी चालवीत. त्यांचे यजमान हे मोटार शिकविणारे. शिकाऊ माणसाशेजारी बसोन आपल्या पायाखालचा ब्रेक दाबणे हा त्यांचा पेशा, त्यामुळे घरीही काही विपरीत दिसता उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई. लेक पळाली, दाब. दूध उतू चालले, दाब. घर काही थांबत नसे, परंतु सवय. यजमानांच्या मातोश्री, आजीसाहेब, शाळेत शिवण शिकवोन निवृत्त जाहलेल्या, लोकर आणि सुया यांत मातब्बर. थोरली कन्या चिमी, नुकतीच चौथ्या वर्षात आलेली, स्वभावे बंडखोर. आणि बाळराजे, उमर महिने पाच, दात नाही, भाषा नाही, परंतु अंमल अवघ्या घरावर.

ऊन वाढो लागले तैसा आईसाहेबांनी बंदोबस्त मांडिला. फर्मान सुटले की, ऊन चढलियावर कोणी गच्चीकडे फिरकू नये. चिमीने टोपीविना उंबरठा ओलांडू नये. बाळराजांचे अंगी एक पातळ सुती झबले असावे, त्यावर काही नाही. पडदे दिवसा बंद, उन्हे उतरता खुले. आणि घरातील लहानथोर एकूण एक माणसाने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. फर्मान चोख होते. मात्र 'एकूण एक' यात स्वतः आईसाहेब येतात की नाही, हे कोणी विचारिले नाही, आणि आईसाहेबांसही सुचले नाही.

फर्मानास पहिला सुरुंग चिमीने लाविला. पाणी म्हटले की ती तोंड फिरवी. कारण पुसता म्हणे, "पाण्याला कसलीच चव नाहीये." मग यजमानांनी नाना तजविजा केल्या. कलिंगड कापोन दिले, ते चट्टामट्टा केले, परंतु पेला पाहताच दरवाजे बंद. पेल्यात रंगीत नळी घातली, तर नळीतून फुगे काढिले आणि पाणी पोटात न जाता टेबलावरोन यजमानांचे मांडीवर उतरले. बाहुलीस पाणी पाजून दाखविले, तर म्हणे, "तिला शू लागेल." मुत्सद्देगिरी ऐसी हरली. यजमान फरशी दाबोन उभे राहिले.

दुसरा सुरुंग आजीसाहेबांनी लाविला, तो मायेपोटी. बाळराजांसाठी त्यांनी निळ्या लोकरीची टोपी विणिली होती, कानांवर झाकणे, वर गोंडा. आईसाहेब टोपी काढीत आणि आत जात. आजीसाहेब टोपी घालीत आणि बाहेर येत. किल्ला हातोहात फिरावा तैसे ते बाळाचे डोके उभयतांच्या हाती फिरत होते, आणि शब्द मात्र अदबीचे.

"अहो आई, टोपी नको ना. घामोळं आलंय त्याला."

"अगं, कानात वारं शिरेल."

"वारंच कुठंय, आई?"

यावर आजीसाहेबांनी खिडकीकडे पाहिले, आणि पडदा हालत नाही हे पाहोन टोपीचा गोंडा नीट केला.

ऐसे चालले असता एके दिवशी, न्याहारी आटोपते न आटोपते तोच, रस्त्याच्या कोपऱ्यावरील ट्रान्सफॉर्मरने तोफेसारखा आवाज केला, धूर सोडिला आणि गतप्राण जाहला. पंखा मंदावला, एक शेवटचा फेरा घेऊन, सलाम करोन उभा राहिला. लिफ्ट मधल्या मजल्यावर रिकामीच अडकली. वीज कंपनीकडे विचारणा करिता 'माणसं निघाली आहेत' ऐसा जबाब आला, आणि तोच जबाब पुढे प्रहर प्रहर येत राहिला, परंतु माणसे कोठून निघाली आणि कोठे चालली, हे कळो आले नाही.

मग घरात जी काहिली जाहली ती काय वर्णावी! भिंतीस पाठ लावावी तर भिंत चटका देई. नळास गरम पाणी येई. मेणाचे रंगखडू डबीतच एक होऊन गेले, आणि चिमीने त्यांचा नवा रंग म्हणोन बहुमान केला. बाळराजे रडो लागले. आजीसाहेबांनी मसलत काढिली की, पाळण्यावर ओली चादर टाकावी म्हणजे आत थंडावा होईल, आणि बोलता बोलता चादर टाकलीही. चादर जाड, पाळणा चहूंकडोन झाकला, आत वाऱ्याचा रिघाव बंद, आणि बाळराजे आत वाफेवर बसल्याप्रमाणे जाहले. आईसाहेबांनी धावोन चादर ओढली. आतून लालबुंद मुद्रा प्रकट जाहली आणि तिने ऐसा टाहो फोडिला की खालच्या मजल्यांची दारे उघडली.

तेव्हां यजमानांनी आपला बेत मांडिला. त्यांची शिकाऊ मोटार खाली उभी होती. तीत बसावे, गार हवेचे यंत्र लावावे आणि उन्हे उतरेतों सुखे बसोन राहावे. बेत ऐकोन सर्वांस धीर आला. यजमान आधी एकलेच पाहणीस उतरले. मोटार सावलीत लाविली होती हे खरे, परंतु सावली पहाटेची होती, ती केव्हाच दुसऱ्या मोटारीवर गेली होती. दार उघडता आतोन भट्टीचा झोत आला. बाळाच्या खुर्चीच्या पट्ट्याचे बक्कल चाचपावे म्हणोन यजमानांनी हात लाविला तो बोट भाजोन निघाले. गार हवेचे यंत्र लावून पाहिले, त्याने उष्ण फुंकर घातली आणि ते कुजकट वासानिशी बंद पडले. यजमान सर्व जिने चढोन, बोट तोंडात घालोन परतले.

आईसाहेबांनी ते बोट पाहिले आणि फर्मान सोडिले, "त्या भट्टीत माझं लेकरू बसणार नाही. आत्ताही नाही आणि पुढे कधी 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही." हे फर्मान उमटले खरे, परंतु त्यातील निम्मे शब्द घशातच राहिले. बसस्थानक थांबविणारा तो आवाज, त्या दिवशी कागद फाटावा तैसा येत होता. यजमानांस वाटले, चिडली आहे. आजीसाहेबांस वाटले, पंखा नाही त्याने जाहले असेल. कोणी अधिक विचार केला नाही, आणि हीच त्या मोहिमेतील मोठी गफलत जाहली.

कारण त्या दिवशी सकाळपासून आईसाहेब बाळास घेत होत्या, चिमीचे हातपाय ओल्या फडक्याने पुशीत होत्या, सासूबाईंस पाणी देत होत्या, यजमानांचे बोट वाहत्या पाण्याखाली धरीत होत्या. अवघ्या लष्करास रसद पोहोचवीत होत्या, आणि स्वतः फाके करीत होत्या.

दुपार चढली. यजमान बाळाचा लंगोट बदलावयास बसले, आणि बसले ते बसलेच राहिले. पुन्हा हात लाविला, उलटा करोन पाहिला. उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला.

"अगं, हा कोरडाच आहे."

"मग बरंच आहे की," आजीसाहेब बोलिल्या.

"अगं आई, सकाळपासून कोरडा आहे. तान्हं बाळ आहे ते."

आईसाहेबांनी बाळराजांस उचलिले, टाळूवरून हात फिरविला, ओठ पाहिले. मग विलंब न लाविता डॉक्टरीणबाईंस फोन लाविला आणि सर्वांनी ऐकावे म्हणोन मोठ्या आवाजावर ठेविला. ह्या डॉक्टरीणबाई लहान मुलांच्या, बोलण्यात तोडून बोलणाऱ्या, परंतु अशा समयी तेच बरे वाटते.

"दूध ओढतोय का?"

"ओढतो, पण लगेच सोडतो. चिडतो."

"ताप?"

"नाही. आत्ताच बघितला."

"तोंड आतून ओलं आहे? टाळू खोल गेल्यासारखी वाटतेय?"

"तोंड ओलं आहे. टाळू नेहमीसारखीच आहे."

"हाक मारली की बघतो?"

हे ऐकताच चिमी पुढे सरसावली आणि बाळराजांचे कानाशी जाऊन, "ए टकल्या!" ऐशी गर्जना केली. बाळराजांनी मान वळविली, बहिणीकडे पाहिले आणि बिनदातांचे हसले.

"बघतो," यजमान गदगदोन बोलिले.

"चांगलं आहे. अंगावर काय घातलंय?"

अवघ्यांच्या नजरा एके ठिकाणी गेल्या.

"झबलं. आणि टोपी."

"कसली टोपी?"

"लोकरीची."

मग डॉक्टरीणबाईंचे फर्मान उमटले ते ऐसे की, टोपी या क्षणी उतरवावी; झबलेही काढावे; अंग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसावे, बर्फाचे पाणी लावू नये; पाळण्यावर चादर नाही, दुलई नाही, काही नाही; सहा महिने पुरे जाहले नाहीत सबब वरचे पाणी नाही, साखरपाणी नाही, आईचेच दूध, आणि तेच पुन्हा पुन्हा; आणि इमारतीत जेथे सर्वांत गार जागा असेल तेथे तत्काळ मुक्काम हलवावा. आजीसाहेबांनी फर्मान ऐकिले, टोपी स्वहस्ते उतरविली, घडी घातली आणि पदराखाली लपविली. मग कोपऱ्यातील एक पुठ्ठा उचलोन त्या बाळास वारा घालू लागल्या. तो पुठ्ठा त्यांनी पुढे त्या दिवशी कोणाच्याही हाती दिला नाही.

यावर डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न पुसिला, तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

"आणि तुम्ही? तुम्ही स्वतः सकाळपासून किती पाणी प्यायलात?"

आईसाहेबांनी तोंड उघडिले. आठवू लागल्या. यजमान त्यांच्याकडे पाहो लागले, आजीसाहेब पाहो लागल्या.

"चहा घेतला होता," त्या बोलिल्या. "म्हणजे... अर्धा राहिला."

"अहो, बाळाचं दूध कुठून येणार मग? आवाज ऐका तुमचा! चक्कर येतेय?"

"उठले की थोडी येते."

"आत्ता, मी फोनवर असताना, एक पेला पाणी प्या. मला ऐकू आलं पाहिजे. मग थोडं थोडं पीत राहा, सोबत काहीतरी खा. आणि ऐका, उन्हं उतरायच्या आत लंगोट ओला झाला नाही, किंवा बाळ मलूल झालं, दूध ओढेनासं झालं, ताप आला, तर मला फोन करत बसू नका. सरळ दवाखान्यात या. कळलं?"

तेव्हां यजमानांनी पेला भरिला. घाईत निम्मे पाणी फरशीवर गेले, तो पुन्हा भरिला. आईसाहेब घटाघटा प्यायल्या, आणि फोनमधोन "हं" ऐसा सनदी शेरा मिळाला. यजमान तेथेच खुर्चीवर बसले आणि हळू बोलिले, "मी सगळ्यांना विचारत होतो गं. तुलाच विचारलं नाही." आईसाहेब बोलिल्या, "मी तरी मला कुठं विचारलं?" आजीसाहेबांनी पुठ्ठा उभयतांकडे वळविला.

आता गार जागेचा प्रश्न. इमारतीत सर्वांत गार जागा कोठे, हे सर्वांस ठाऊक होते आणि म्हणोनच कोणी नाव काढीना. ती जागा तळमजल्यावरील घड्याळजी काकांची. भिंती जाड, मागे झाड, खोल्यांत दिवसाही दिवा लागावा ऐशी सावली. परंतु त्या दरबारी वरच्या मजल्याचा वकील जाण्याची सोय नव्हती. कारण मागे एकदा चिमीने गॅलरीतोन चेंडू टाकिला होता. काका एकटे राहणारे, खाली उजेडात टेबल मांडोन एक जुने घड्याळ खोलोन बसले होते, आणि चेंडू थेट स्क्रूंच्या तबकात उतरला. मोहरीएवढे ते स्क्रू, चहूं दिशांस गेले. काका संध्याकाळपर्यंत जमिनीवर पालथे पडोन शोधीत होते. एक स्क्रू सापडला नाही. तेव्हापासून काकांनी वरच्या मजल्याशी बोलणे टाकिले होते. जिन्यात गाठ पडे तर भिंतीस नमस्कार करोन जात.

परंतु बाळाचा लंगोट कोरडा असता अब्रूचा विचार कोणी करावा? कूच ठरले. अग्रभागी यजमान, बाळराजांस छातीशी धरोन. त्यांच्या मागे आजीसाहेब, एका हाती पुठ्ठा, दुसऱ्या हाती बोचके, ज्यात कपडे, फडकी आणि असावेत म्हणोन लोकरीचे मोजे. मग आईसाहेब, कठड्यास धरोन, पायरी पायरीवर थांबत. आणि पिछाडीस चिमी, पाण्याची बाटली मिठीत घेऊन. उतरता उतरता यजमान अर्जाची उजळणी करीत चालले: काका, झाले गेले ते मनात धरू नये, लेकरू अज्ञान आहे, आम्ही आपले अपराधी आहोत, इत्यादी. एका मजल्यावर मायना बदलिला, दुसऱ्यावर तो फार लांब वाटोन तोडिला, आणि दारापाशी येता येता अवघे विसरोन गेले.

दार ठोठावण्याचे काम पडलेच नाही. चिमीने पिछाडी सोडोन पुढे धाव घेतली आणि दारावर थाप मारिली. दार उघडले. घड्याळजी काका, कपाळावर चढविलेले डोळ्याचे भिंग, बोटास तेल. त्यांनी चिमीस पाहिले, मुद्रा कठीण जाहली. मग बाळास पाहिले. मग आईसाहेबांचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला.

यजमानांनी घसा साफ केला, "काका, ते असं होतं की, मागे जे झालं..."

"आधी आत या," काका बोलिले. "लेकराला भाजायला वर ठेवलंत होय इतका वेळ?"

ऐसा सलूख जाहला, आणि अर्ज तसाच राहिला.

आत पाऊल टाकिताच सर्वांस स्वर्ग जवळ वाटला. फरशी गार, भिंती गार, आणि चहूंकडे घड्याळेच घड्याळे. लंबकाची, कोकिळेची, उभ्या माणसाएवढी उंच, पेटीएवढी बुटकी, सर्व आपापल्या परी टिकटिकत. मध्ये टेबल, टेबलावर तेच स्क्रूंचे तबक. काकांनी तहाचे एकच कलम घातले, ते चिमीकडे बोट करोन: हिचे हात टेबलापासून दूर. चिमीने कलम ऐकिले, विचार केला, गालिच्यावर बसली आणि दोन्ही हात स्वतःच्या बुडाखाली घातले.

"हातांवर बसलेय मी," तिने जाहीर केले. काकांनी मान डोलाविली. कलम मंजूर.

आईसाहेब पंख्याविनाही गार अशा त्या कोपऱ्यात भिंतीस टेकल्या आणि बाळास पाजावयास घेतले. बाळराजांनी दोन घोट घेतले आणि डोळे मिटू लागले, तोच एक घड्याळ ठणठणले. बाळ दचकोन रडो लागले. ते निवते न निवते तोच दुसरे बोलिले, मग कोकिळा बाहेर आली, आणि तिचे संपता तिसऱ्याने आरंभिले, कारण काकांची घड्याळे एकमेकांशी पूर्ण सहमत नव्हती. काका उठले. पहिल्या घड्याळाचे काचेचे दार उघडिले आणि लंबक बोटाने धरोन थांबविला. मग दुसऱ्याचा. मग कोकिळेस आत घालोन खिडकी लाविली. ऐसे एकामागोन एक अवघे घर त्यांनी बंद केले. ज्या माणसाने आपली घड्याळे कधी मिनिटभर बंद पडू दिली नव्हती, ती त्याने एका परक्या बाळाच्या झोपेसाठी स्वहस्ते थांबविली. आजीसाहेबांनी हे पाहिले आणि डोळ्यांस पदर लाविला. काका म्हणाले, "तेल द्यायचंच होतं त्यांना." परंतु तेल देण्यास घड्याळ थांबवावे लागते खरे, अवघी एकदम थांबवावी लागत नाहीत.

इकडे पाण्याची मोहीम चालू होती. यजमानांनी आईसाहेबांपुढे पेला धरिला, आणि मग रिवाजाप्रमाणे चिमीपुढेही धरिला. नेहमी ती हाताने पेला लोटोन देई. आज हात कैदेत होते. तिने हात बाहेर काढावे तर तह मोडतो, न काढावे तर पेला तोंडाशी येतो. ऐशा पेचात तिने आईकडे पाहिले.

"आधी तू पी."

आईसाहेब एक घोट प्यायल्या.

"मोठा घोट. डॉक्टर ओरडतील."

आईसाहेबांनी मोठा घोट घेतला. तेव्हां चिमीने तोंड पुढे करोन पेल्यातील एक घोट घेतला.

"आता तू."

ऐसा आईलेकींचा करार जाहला. एक घोट इकडे, एक घोट तिकडे. एकीने चुकविला तर दुसरी अडोन बसे. काकांनी स्वयंपाकघरातोन काकडी कापोन आणिली, केळी आणिली, सोबत बिस्किटे. आईसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. बाळराजांस पुन्हा घेतले, आता ते सोडीनात, गटागटा पिऊ लागले, आणि त्यांचा गळा हालताना पाहोन यजमानांनी पहिल्यांदा पाय सैल सोडिला.

परंतु लंगोट कोरडाच. यजमान घडी घडी हात घालोन पाहत आणि मान हालवीत. आजीसाहेब पुठ्ठा हालवीत पुसत, "झाली का?" चिमी पुसे, "झाली का?" किती वेळ गेला हे कळण्यास मार्ग नाही, कारण अवघी घड्याळे थांबलेली, आणि फोनात वेळ पाहण्याचे भान कोणास नाही. काका खिडकीतोन उन्हाची तिरीप पाहोन म्हणत, अजून आहे वेळ. आईसाहेब म्हणत, ती भिंतीपर्यंत आली की आपण निघू, दवाखान्याची पिशवी भरा. पिशवी भरली. ती दारापाशी ठेविली. तिरीप सरकत भिंतीजवळ आली.

तेव्हां यजमानांस लंगोटाच्या एका कोपऱ्यावर ओलाव्याचा भास जाहला. आजीसाहेब म्हणाल्या, घाम आहे. आईसाहेब म्हणाल्या, दूध सांडले. वाद पडला. मग यजमानांनी लंगोट सोडोन काकांपुढे केला, "काका, तुमची नजर बारीक आहे, जरा बघता?" काकांनी भिंग कपाळावरून डोळ्यावर ओढिले, लंगोट उजेडात धरिला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जसे एखादे घड्याळ तपासावे तैसे तपासिले, आणि निकाल दिला.

"कोरडा."

आईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. यजमान पिशवीकडे निघाले. बाळराजे गालिच्यावर उघडे पडले होते, पाय हवेत उडवीत, छताकडे पाहोन स्वतःशीच गुजगोष्टी करीत. काकांस राहवले नाही. ते गुडघ्यांवर बसले, भिंग डोळ्यास तसेच लाविलेले, आणि बाळाचे पोट जवळून न्याहाळावे म्हणोन वाकले.

तो क्षण आला. बाळराजांनी पाय थांबविले, मुद्रा गंभीर केली, आणि एक धार ऐसी उसळली की ती हवेत कमान घेऊन थेट काकांच्या भिंगावर आदळली, भिंगावरून नाकावर, नाकावरून सदऱ्यावर. सर्व जागीच खिळले. यजमानांचा पाय फरशीवर. आजीसाहेबांचा पुठ्ठा अधांतरी. चिमीचे हात मात्र शिस्तीने बुडाखाली.

काका हालले नाहीत. धार पुरी संपेपर्यंत तसेच वाकोन राहिले. मग भिंग न काढिता, बंद पडलेले घड्याळ दुरुस्त होऊन पहिला ठोका देते तेव्हां कारागीर जैसे सांगतो तैसे शांतपणे बोलिले,

"चालू झालं."

यावर जो हर्ष जाहला तो लिहिण्यास शब्द अपुरे. आईसाहेब हसता हसता रडो लागल्या. यजमानांनी काकांस मिठी मारिली, ओल्या सदऱ्यासकट. चिमीने विचारिले, "हात काढू का?" आणि इजाजत मिळताच टाळ्या पिटिल्या. आजीसाहेबांनी बाळाच्या पायांवर डोके टेकिले. डॉक्टरीणबाईंस फोन गेला. त्यांनी वर्तमान ऐकिले, किती वेळ गेला, धार कैसी, रंग कैसा, सर्व पुसिले, मग, "भिंगावर?" ऐसे पुसोन मोठ्याने हसल्या, आणि हसणे आवरोन पुन्हा फर्मान सोडिले की, आता ढिले पडू नये, पाजणे चालू ठेवावे, पुढच्या लंगोटावरही लक्ष असावे, आणि आईचा पेला रिकामा दिसता कामा नये.

पुढे उन्हे उतरली. वीज आली, परंतु वर कोणी घाईने गेले नाही. काकांनी सदरा बदलिला आणि चिमीस टेबलापाशी बोलाविले. तिच्या हाती एक चिमटा दिला आणि तबकातील एक स्क्रू उचलोन दाखविण्यास सांगितले. तिने जीभ बाहेर काढोन, श्वास रोखोन उचलिला, आणि तो पडू दिला नाही. मग त्याच दिवशी उभयपक्षी ठरले की, उन्हाळा सरेपर्यंत वरच्या मजल्याने दुपारचा मुक्काम खालीच करावा. बाळ निजले असता घड्याळे बोलू नयेत. आणि जो कोणी दारातोन आत येईल, त्यास आधी पाणी, मग वर्तमान. हे कलम काकांनी स्वतः सुचविले.

येणेप्रमाणे बाळराजांची फत्ते जाहली. शत्रूचा मुलूख जिंकिला नाही, कोणाचा झेंडा उतरविला नाही. एक भिंग ओले जाहले, एक आई पाणी प्यायली, आणि दोन मजल्यांचे बोलणे सुरू जाहले, इतकेच. फत्तेचा मुहूर्त कोणता म्हणोन कोणी पुसेल, तर त्या समयी त्या घरातील एकही घड्याळ चालत नव्हते, सबब लिहिता येत नाही. ज्यास या हकीकतीविषयी शंका असेल त्याने आधी एक पेला पाणी प्यावे, घरात आणखी कोणी प्यायचे राहिले आहे काय ते पाहावे, आणि मग खुशाल शंका घ्यावी.